आ कर बघू!

दातांच्या बाबतीत आंजर्ल्याचं नाव थेट पुराणकाळापासून घ्यायला हरकत नाही. गावाच्या माथ्यावर बसलेला कड्यावरचा गणपती हा एकदंत. त्याचा दात पाडला परशुरामाने, आणि ज्या कोकणात त्याचं हे देऊळ आहे ती भूमी समुद्र मागे सारून मिळवली तीही परशुरामानेच. म्हणजे दात पाडणारा आणि दात गेलेला, दोघेही एकाच सातबाऱ्यावर! कथा अशी की, शंकराला भेटायला आलेल्या परशुरामाला गणपतीने दारात अडवलं, बाचाबाची झाली, परशू उगारला गेला. तो परशू वडिलांनीच दिलेला, तेव्हा त्याचा मान राखायचा म्हणून गणपतीने वार चुकवला नाही, दातावर घेतला. भूल नाही, आधी समजावणं नाही, नंतर शाबासकी नाही. बालरुग्णाची केस इतकी वाईट हाताळल्याचं दुसरं उदाहरण पुराणांत सापडणं कठीण. त्यावर कडी म्हणजे पेशंटचं गोड खाणं कुणी कमी केलं नाही. एकवीस मोदक ठरलेलेच.

देव होता म्हणून निभावलं. गावातल्या पोरांना ते जमत नाही.

निसर्गानेही आंजर्ल्यात दातांचे नमुने मांडून ठेवले आहेत, पण त्यांतला माणसाच्या उपयोगाचा एकही नाही. उन्हाळा तोंडावर आला की इथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं वाळूतून वर येतात. कासवमित्र त्यांना पाण्याकडे सोडतात आणि पुण्या-मुंबईची मंडळी दोरीच्या अलीकडे उभी राहून फोटो काढतात. त्या पिल्लाच्या चोचीच्या टोकावर एक इवलासा टणक कोंब असतो. तो अंड्याचं कवच फोडण्यापुरता. काम झालं की थोड्याच दिवसांत गळून जातो आणि पुढे जन्मभर कासवाला दातच नाहीत. एक दात, एक काम, विषय संपला. दुसरा नमुना हर्णैच्या मासळीच्या लिलावात पाटीत पडलेला दिसतो: मुशी. या शार्कच्या जातभाईंच्या जबड्यात दातांच्या रांगाच्या रांगा तयार असतात. पुढचा पडला की मागचा पुढे सरकतो, आणि हे आयुष्यभर चालू. शिवाय शार्कच्या दातावरचं कवच मुळातच फ्लोराइडयुक्त. दात घासा म्हणून तिच्या मागे लागणारं कुणी नाही आणि लागण्याची कुणाची छातीही नाही.

माणसाच्या पोराला मात्र दोनच संच. पहिला २० दातांचा, साधारण सहाव्या महिन्यापासून अडीच-तीन वर्षांपर्यंत येणारा. दुसरा ३२ चा, सहाव्या वर्षी सुरू होणारा आणि अक्कलदाढेपर्यंत रेंगाळणारा. त्यापुढे कवळी.

या पहिल्या संचाकडे घरातली माणसं आधी बघतात ती पंचांगाच्या नजरेने. खालचे दात आधी आले तर ठीक. वरचे आधी आले तर ते मामाला जड, असा जुना समज. त्यामुळे बाळाच्या हिरडीत पांढरं टोक दिसलं की दातांच्या डॉक्टरला कळवायचं कुणाच्या डोक्यात येत नाही, मामाला मात्र विरारला फोन जातो. जगभरचे बालदंतवैद्य घसा कोरडा करून सांगतात की पहिला दात आल्यापासून सहा महिन्यांत, उशिरात उशिरा पहिल्या वाढदिवसापर्यंत, बाळाला एकदा दाखवून घ्या. पहिल्या वाढदिवसाच्या आसपास आपल्याकडे बाळाला दाखवतात ते संक्रांतीचं बोरन्हाण. हलव्याचे दागिने घालायचे आणि डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, बत्तासे, गोळ्या ओतायच्या. दातांच्या दृष्टीने बघितलं तर हा शत्रूचा परिचय समारंभ.

'दुधाचे दात, पडणारच आहेत' हे वाक्य कोकणात ज्याच्या तोंडी नाही असा बाप मिळणार नाही. त्यातला 'पडणारच' खरा आहे, 'कधी' ते कुणी विचारत नाही. पुढचे दात सहा-सात वर्षांचं पोर पाडतं, पण मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत कामावर असतात. आंजर्लं-दापोली एस.टी.त खिडकीतून टाकलेला रुमाल जसा सीट धरून ठेवतो, तशी दुधाची दाढ खालून येणाऱ्या कायमच्या दाताची जागा धरून ठेवते. रुमाल आधीच उडाला की शेजारचा ऐसपैस सरकतो, आणि ज्याचं खरं सीट तो तिरका होऊन दोन जणांच्या मध्ये उभा राहतो. असे तिरके उभे राहिलेले दात मग तारा लावून सरळ करायला हजारो रुपये मोजावे लागतात.

याहून मोठी फसवणूक सहाव्या वर्षी होते. दुधाच्या दाढांच्या मागे, कुठलाही दात न पडता, गुपचूप एक नवी दाढ येते. काही पडलं नाही म्हणजे काही आलंही नाही, असा हिशेब असल्याने तिची नोंदच होत नाही. ती कायमची असते. पुढची साठ-सत्तर वर्षं भाकरी तिच्यावरच चावायची असते. पण तिलाही 'दुधाची' समजून सोडून दिलं जातं, आणि आठव्या वर्षी तिच्यात खड्डा पडला की बाप ठरलेलं वाक्य म्हणतो.

सोयीसाठी इथल्या एका पोराला बाळ्या म्हणू. आंजर्ल्यातला खरा कुठलाही बाळ्या तो नव्हे आणि थोडाथोडा सगळेच आहेत. वय सात, इयत्ता दुसरी. खाणं कोकणी पोराचं: मे महिन्यात दगड मारून पाडलेले रायवळ आंबे, रानातली करवंदं, पावसाळाभर डब्यातून काढून खाल्लेली आंबापोळी आणि फणसपोळी. गणपतीत आणि शिमग्यात चाकरमानी येतात ते पिशव्या भरून चॉकलेट घेऊन; काकाची माया किती ते पुड्यावरून कळतं. त्याच्या बापाच्या वेळी हा मान लिमलेटच्या आणि रावळगावच्या गोळ्यांना होता.

बाळ्याची आई म्हणते, "डॉक्टर, गोड फारसं देतच नाही हो. जरा जरा खातो, एवढंच." हे 'जरा जरा'च घात करतं. स्वीडनमध्ये १९४० च्या दशकात विपेहोल्म नावाच्या संस्थेत बौद्धिक अपंगत्व असलेल्या रुग्णांना मुद्दाम चिकट टॉफ्या खायला घालून दात किडतात कसे ते पाहिलं गेलं. माणुसकीच्या दृष्टीने तो प्रयोग लाज आणणारा होता आणि पुढे त्याच्यावर टीकाही झाली. पण त्यातून कळलं ते असं की, साखर किती खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली आणि दाताला किती वेळ चिकटून राहिली याला महत्त्व आहे. जेवणाबरोबर पुरणपोळी हाणलेली परवडली; दर अर्ध्या तासाने तोडलेला आंबापोळीचा तुकडा नाही परवडत. ही बातमी कोकणात फार पसरलेली नाही, आणि ती पसरवायला आंबापोळी विकणारा पुढे येईल अशी आशा कुणी धरू नये.

बाळ्याची दाढ किडली आहे हे घरात आधी कुणाला कळलंच नाही. कळलं ते शाळेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला सुरू झाला, तेव्हापासून आरोग्य पथकाची गाडी अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा फिरते. हृदयापासून कुपोषणापर्यंत जे तपासायचं त्या यादीत दातांची कीडही आहे. पथकाची गाडी मैदानात शिरली की पहिली बातमी फुटते ती "सुई द्यायला आले!" अशी. मग मुतारीच्या मागे गर्दी होते. गुरुजी एकेकाला बाहेर काढून रांगेत उभं करतात. रांगेत मग तज्ज्ञांची चर्चा चालते. तिसरीतला एक दुसरीतल्याला सांगतो की दात बघतात म्हणजे पकडीने हलवून बघतात, जो हलला तो ठेवून घेतात. प्रत्यक्षात बॅटरीचा उजेड, "आ कर", वहीत एक टिंब, "पुढचा", बस. पण एका मिनिटाच्या या तपासणीची जी हकिकत घरोघर जाते तिच्यात रक्त असतंच.

देशातल्या २००२-०३ च्या मौखिक आरोग्य पाहणीत पाच वर्षांच्या साधारण निम्म्या मुलांचे दात किडलेले सापडले होते. तेव्हा वहीत बाळ्याच्या नावापुढे टिंब पडलं यात नवल नाही. राज्य सरकारनेही ३० मे २०२३ ला 'स्वच्छ मुख अभियान' काढलं आणि त्याचा सदिच्छादूत म्हणून सचिन तेंडुलकरला नेमलं. निवड चोख होती. सोळाव्या वर्षी सियालकोटला वकारचा चेंडू नाकावर बसून रक्त आलं तरी जो क्रीजवरून हलला नाही, त्याने पोरांना खुर्चीत बसायला सांगावं हे बरोबरच. फक्त त्या क्रीजवर सचिनबरोबर त्याची आजी नव्हती.

बाळ्याबरोबर आजी होती.

आजी पंच्याहत्तरीच्या पुढची. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी. फुकट झाली, तेव्हापासून तिने दापोलीची एकही फेरी चुकवलेली नाही. आधारकार्ड कंबरेच्या पिशवीत. आईचं तिकीट मार्च २०२३ पासून अर्धं. त्यामुळे एका दाढेसाठी तीन माणसांचं शिष्टमंडळ निघणं परवडतं. पूर्वी खाडी होडीने ओलांडून हर्णैकडे जावं लागे, आता पुलावरून गाडी थेट जाते. म्हणजे वाटेत पळून जायची होती ती एक संधीही गेली.

वीस-पंचवीस किलोमीटरच्या या प्रवासात बाळ्याच्या मनाची जी तयारी झाली ती ऐकण्यासारखी होती. आजी म्हणाली, "माझी दाढ काढलीन् तेव्हा चार माणसं लागली होती धरायला." आई म्हणाली, "अहो, कशाला घाबरवताय त्याला? बाळा, काही दुखत नाही हां. अज्जिबात सुई देणार नाहीत. रडायचं नाही. रक्त येत नाही काही." बाळ्याच्या डोक्यात तोवर दुखणं नव्हतं, सुई नव्हती, रडणं नव्हतं आणि रक्त तर नव्हतंच. एका श्वासात चारही वस्तू त्याला मिळाल्या. मागच्या सीटवरच्या, ओळखदेख नसलेल्या बाईने मान पुढे काढून विचारलं, "दाढ काढायची काय?" आणि तिच्या नणंदेची गोष्ट सुरू केली, ती आसूदची वळणं संपेपर्यंत पुरली.

बालदंतवैद्यकाचं सगळं शास्त्र या एस.टी.तल्या संवादाशी झगडत उभं आहे. मूल दवाखान्यात येतं तेव्हा खुर्ची, दिवा, हत्यारं यांतलं काहीच त्याने पाहिलेलं नसतं. भीती मात्र घरून बांधून आणलेली असते. डॉक्टरचा उपयोग घराघरात बागुलबुवासारखा होतो. जेवला नाहीस तर डॉक्टर सुई देईल, झोपला नाहीस तर डॉक्टर नेईल, शेजारच्या दीदीला चावलास तर डॉक्टर दात काढील. सात वर्षं ज्या माणसाच्या नावाने धाक घातला, एके दिवशी त्याच्याच पुढ्यात पोराला बसवायचं आणि वर म्हणायचं, "घाबरतोस काय एवढा?" आईबाप जितके दातांच्या डॉक्टरला घाबरणारे तितकी मुलं जास्त घाबरतात, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. दात किडणं पसरतं ते साखरेने, भीती पसरते ती कानाने. साखर कमी करायला सांगता येतं. आजीला बोलणं कमी कर म्हणून सांगायचं कुणी?

दवाखान्यात शिरल्यावर बाळ्याच्या नाकाने पहिलं ओळखीचं काही टिपलं ते लवंगेचा वास. दातांच्या दवाखान्याला तो असतोच, कारण लवंगेच्या तेलातलं युजेनॉल दातात भरायच्या औषधांत वापरतात. कोकणातल्या नारळी-पोफळीच्या बागांत कृषी विद्यापीठाने मसाल्याची झाडं लावायला सांगितली, त्यांत लवंगही आहे. आणि दाढ ठणकली की लवंग धर हा आजीचा पहिला उपाय. भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातले 'किडे' काढणं हा दुसरा. दातात किडा नसतो हे फ्रान्सच्या पिएर फोशारने १७२८ च्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवलं. पण तो ग्रंथ दापोलीच्या एस.टी.पर्यंत यायचा आहे.

डॉक्टरबाईंनी बाळ्याकडे बघितलंच नाही. त्यांनी रबरी हातमोजा फुगवला, गाठ मारली, पेनाने दोन डोळे काढले, बोटांचा तुरा झाला, आणि तो कोंबडा टेबलावर ठेवून त्या आईशी बोलू लागल्या. बाळ्या आईच्या पाठीमागून एक डोळ्याने कोंबड्याकडे बघत राहिला. मग बाईंनी खुर्चीचं बटण दाबलं. रिकामी खुर्ची घूं करत वर गेली, खाली आली, मागे रेलली. एस.टी.त ड्रायव्हरशेजारच्या सीटसाठी भांडणाऱ्या पोराला एवढं पुरे असतं. "मी बसू?" हा प्रश्न बाळ्याने स्वतःहून विचारला, आणि आजीने कपाळाला हात लावला, तिला वाटलं होतं चार माणसं लागतील.

या कलेचा मूळ मंत्र तीन शब्दांचा आहे: सांगा, दाखवा, करा. हॅरी ॲडलस्टन नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने १९५९ मध्ये तो मांडला आणि अजून तो कुणाला मोडता आलेला नाही. बाईंनी दात स्वच्छ करायचा फिरता ब्रश आधी सांगितला: "हा गुदगुल्या करणारा ब्रश." मग दाखवला, बाळ्याच्या अंगठ्याच्या नखावर फिरवून. नखाखाली मातीची काळी रेघ होती, ती थरथरली. बाळ्याने दुसरा अंगठा पुढे केला. मग करंगळी. दहा नखं झाल्यावर ब्रश तोंडात गेला तेव्हा तो त्याच्या ओळखीचा झालेला होता. हवा मारायची पिचकारी आधी तळहातावर, लाळ ओढणारी नळी आधी पेल्यातल्या पाण्यात. 'पाणी पिणारी नळी' सुर्र करून पेला रिकामा करते हे बघितल्यावर पोर तोंड उघडतं ते नळीच्या कौतुकापोटी.

प्रत्येक वस्तूला इथे दुसरं नाव असतं. एक्स-रे म्हणजे दाताचा फोटो. कामाच्या दाताभोवती बसवायचा रबराचा पडदा म्हणजे दाताचा रेनकोट. कोकणातल्या पोराला याहून ओळखीचं वस्त्र नाही. बधिर करायचं औषध म्हणजे दाताला झोपवायचं पाणी, आणि त्याआधी हिरडीला स्ट्रॉबेरीच्या चवीची जेली. यात खोटं काही नसतं. 'चिमटा बसेल, मी पाचपर्यंत मोजीन' असं स्पष्ट सांगायचं असतं, कारण एकदा फसवलेलं मूल पुढच्या खेपेला दाराच्या चौकटीला दोन्ही हातांनी धरून ठेवतं. 'तोंड उघडशील का?' असंही विचारायचं नसतं. त्याचं उत्तर 'नाही' असतं. विचारायचं असतं, 'आधी वरचे मोजू की खालचे?' बाळ्या म्हणाला, "खालचे." आपण काही तरी ठरवलं याचं समाधान त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. आंजर्ल्यात आजवर त्याला एवढा अधिकार कुणी दिला नव्हता.

सगळ्यात मोठा अधिकार नंतर मिळाला. "काही वाटलं तर डावा हात वर करायचा. मी लगेच थांबणार." बाळ्याने ताबडतोब हात वर केला. बाई थांबल्या. खाली केला, बाई सुरू. पुन्हा वर, पुन्हा थांबल्या. खात्री पटल्यावर त्याने हात पोटावर ठेवला आणि पुढे कामभर उचलला नाही.

मुलांच्या वागण्याची प्रतवारी लावायची एक मोजपट्टीही आहे. फ्रँकल आणि सहकाऱ्यांनी ती १९६२ मध्ये दिली. तिच्यात चार पायऱ्या: साफ नकार, कुरकुर, तयारी, आनंदाने तयारी. बाळ्या अर्ध्या तासात दुसऱ्या पायरीवरून चौथीवर गेला. पालकांसाठी अशी पट्टी वापरली असती तर आई दुसरीवर राहिली असती आणि आजीसाठी पाचवी पायरी, जमिनीखाली, खणावी लागली असती. कारण ब्रश फिरत असताना तिने दारातून विचारलं, "आली का हो रक्ताची धार?"

हे सगळं लाडाकोडाचं प्रकरण फार जुनं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत एडगर पार्कर नावाचा दंतवैद्य गावोगाव गाडा घेऊन हिंडायचा; बरोबर बँड. तो पाय आपटून इशारा करायचा आणि बँडवाले जोर करायचे, म्हणजे पेशंटचा आवाज बाहेरच्या गर्दीला ऐकू येऊ नये. शिमग्यातला खालू बाजा दवाखान्यात लावावा तसला प्रकार. गळ्यात ३५७ दातांची माळ, आणि हे सगळे एका दिवसात काढले असा दावा. 'वेदनारहित' ही पाटी खोटी म्हणून कायदा आडवा आला तेव्हा १९१५ मध्ये या बहाद्दराने आपलं नावच कायदेशीररीत्या 'पेनलेस' करून घेतलं. आज दवाखान्याच्या छताला टीव्ही टांगून 'छोटा भीम' लावतात, ती त्या बँडची सुधारलेली आवृत्ती. तत्त्व तेच: लक्ष दुसरीकडे. फक्त आता पेशंटला खरंच कमी दुखतं.

रडणाऱ्या मुलाच्या तोंडावर हात दाबून त्याला गप्प करायची पद्धत तर १९२० च्या दशकापासून पुस्तकांत होती आणि अमेरिकेतल्या बालदंतवैद्यांच्या अकादमीने ती २००६ मध्ये आपल्या मार्गदर्शनातून काढली. भारतात या विषयाच्या तज्ज्ञांची संघटना १९७९ पासून आहे, आणि रत्नागिरी जिल्ह्यातही खेडला योगिता डेंटल कॉलेज आहे.

खरं तर माणसांना न दुखता कापायची युक्ती जगाला दिली ती दंतवैद्यांनीच. हार्टफर्डच्या होरेस वेल्सने एका तमाशात हसवणारा वायू हुंगलेल्या माणसाला पाय फुटलेला कळला नाही हे बघितलं आणि दुसऱ्याच दिवशी, ११ डिसेंबर १८४४ ला, तोच वायू घेऊन स्वतःची दाढ काढवून घेतली. पुढच्या महिन्यात बॉस्टनला डॉक्टरांपुढे प्रयोग केला, तेव्हा पेशंट ओरडला आणि सभागृहाने वेल्सची हुर्यो उडवली. तो वायू, नायट्रस ऑक्साइड, मोठ्या शहरांतल्या बालदंतवैद्यांकडे आज नाकावरच्या छोट्या मुखवट्यातून देतात. वेल्सचा प्रयोग फसला त्याचं कारण बहुधा वायू कमी पडला हे होतं. बॉस्टनच्या सभागृहात आजी नव्हती.

पहिल्या फेरीत बाईंनी दात मोजले, घासले, हातावर स्टिकर लावलं आणि सांगितलं, "आज एवढंच." आई गांगरली. "म्हणजे काहीच केलं नाहीत? अहो, एवढ्या लांबून आलो. माझा आजचा खाडा झाला." तिची बाजू खरी होती. ओळख व्हावी म्हणून एक फेरी नुसती खुर्चीत बसायला, हा सल्ला पुस्तकात छान दिसतो. पण तो लिहिणाऱ्याच्या गावाला तासातासाला गाडी असावी. बाईंना हे ठाऊक होतं. म्हणून त्यांनी दोन वाटा सांगितल्या, दोन्ही सुईविना. एक म्हणजे खड्ड्याला सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड लावायचं. कीड थांबते, पण जागा काळी पडते. दुसरी स्कॉटलंडच्या नॉर्ना हॉल यांची: दाढ न कोरता तिच्यावर स्टीलची टोपी घट्ट बसवून टाकायची, आत अडकलेली कीड उपाशी मरते. आईला काळा डाग नको होता. आजीला डागात काही वावगं दिसलं नाही. तिने मशेरी लावून लावून काळे झालेले आपले उरलेले दात काढून दाखवले. "हे बघ, काय वाईट आहेत?"

टोपी ठरली. ती बाळ्याने स्वतः निवडली. 'चांदीचा दात' वर्गात कुणाकडेच नव्हता, आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत अख्ख्या दुसरीने रांग लावून त्याच्या तोंडात डोकावायचं, हा पुढचा कार्यक्रम तिथेच त्याच्या डोक्यात तयार झाला होता. बाईंनी टूथपेस्टचं माप सांगितलं: तीन वर्षांखालच्यांना तांदळाच्या दाण्याएवढी, त्यावर वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर लाट दाखवतात ती विकणाऱ्यांच्या सोयीची. आणि रात्री घासल्यावर काही खायचं नाही. "आंबापोळी?" बाळ्याने विचारलं. "ती जेवणाबरोबर." तो सौदा त्याने मान हलवून मान्य केला.

मग सहा महिन्यांनंतरची तारीख ठरवायची वेळ आली. आईने बोटं मोजली. भातलावणीत जमणार नाही. गणपतीत तर नाहीच. दसरा-दिवाळीच्या मध्ये कापणी. दिवाळीत भाऊबीजेला मामा येणार, त्या आठवड्यात चॉकलेटवर बंदी घातली तर तो रुसेल. बाईंनी कॅलेंडर उलटसुलट करून शेवटी नोव्हेंबरातला एक गुरुवार काढला. आई निघाली, तेवढ्यात बाईंनी आजीकडे बघितलं. मशेरी लावणाऱ्यांचं तोंड एकदा नीट बघून घ्यायला हवं, तंबाखूने आत चट्टे पडतात आणि त्यांतून पुढे कर्करोग होऊ शकतो, असं त्या शांतपणे म्हणाल्या. "आजी, बसता का पाच मिनिटं?"

आजीने एस.टी. सुटायची वेळ सांगितली. मग गुडघ्याचं दुखणं सांगितलं. मग मशेरी आपण फार नाही लावत, जरा जरा लावतो, असं सांगितलं. बाळ्याने तिचा हात धरून तिला खुर्चीत बसवलं, बटण कुठलं ते बाईंना दाखवलं आणि गंभीरपणे सूचना दिली, "आजी, दुखलं की डावा हात वर करायचा. त्या थांबतात. मी बघितलंय."

खुर्ची मागे रेलली तशी आजीने हात वर केला. बाई अजून नळाखाली हात धूत होत्या.